दोन सूत कागद

परदेशात जायचं ठरलं तेव्हा नऊ दिवसांत सात देश दाखवणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक मी आणून टेबलावर ठेवलं. हिनं ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहिली. टपाल खात्यात बत्तीस वर्षं पत्रं सॉर्ट करून ही त्याच महिन्यात निवृत्त झाली होती. आता भांडायला तिच्याकडे अख्खा दिवस होता आणि माझ्याकडे फक्त जेवणाची सुट्टी.

"मला एकाच गावात राहायचंय," ती म्हणाली. "तीन आठवडे. रोज सकाळी उठायचं आणि काही म्हणजे काही बघायचं नाही."

"मग त्यासाठी परदेशात कशाला? गच्चीवर खुर्ची टाकून देतो."

"गच्चीखाली तुमचं दुकान आहे."

माझं बाइंडिंगचं दुकान आहे, कॉलेजच्या अगदी समोर. मुलं सकाळी प्रबंधाचे कागद आणून टाकतात आणि संध्याकाळी काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांसकट घेऊन जातात. उद्या शेवटची तारीख आहे म्हणून रडत आलेल्या किती पोरांचा जीव मी भांड्यात पाडला असेल, गणती नाही. मला त्याचा अभिमान होता. तीस वर्षांत सलग दोन दिवस शटर खाली राहिलेलं मला आठवत नव्हतं.

भाच्यानं फोनवर खोली शोधून दिली. लहानसं गाव, अरुंद गल्ली, दगडी जिना, वरच्या मजल्यावर स्वच्छ खोली, खिडकीतून समोरच्या घरांची छपरं. थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला आहे की नाही हे चाचपून पाहावं लागे. बॅगा ठेवल्या आणि मला ओळखीचा वास आला. मी जिना उतरून खाली गेलो, एक दार ढकललं, आणि आत पुस्तकं दाबायचा शिकंजा, पुठ्ठे, सुया, खळीचं भांडं! घरमालक बाइंडर निघाला.

मी वर येऊन हे सांगितलं तेव्हा हिनं कपाळाला हात लावला. "सात समुद्र ओलांडून आले आणि खाली पुन्हा तेच. हे तुम्ही भाच्याला सांगून केलंत ना?"

देवाशप्पथ, मी काही केलं नव्हतं.

घरमालक पंचाहत्तरीचे असतील. उंच, किंचित वाकलेले, कमरेला चामड्याचा एप्रन. त्यांचं इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. आम्ही काय बोललो ते मी इथे सरळ आपल्या भाषेतच सांगतो. हिनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव सावकाशराव ठेवलं, कारण किल्ली देताना त्यांनी ती आधी पुसली, उजेडात धरून पाहिली, मग कुलपात फिरवून दाखवली आणि मगच हिच्या हातात दिली.

पहिले चार दिवस मला फार जड गेले. पहाटे पाचला डोळा उघडायचा आणि करायला काही नाही. ही मात्र लगेच रुळली. सकाळी पाव आणायला जायची, चौकातल्या बाकावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायची. दहाला परत. "काय पाहिलंस?" विचारलं तर म्हणायची, "एका बाईनं तीन वेळा पिशवी खाली ठेवली आणि तीन वेळा उचलली." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा खुललेला, की त्यावर काही चेष्टा करायची मला हिंमत होईना.

पाचव्या दिवशी मी खाली जाऊन बसलो. सावकाशरावांनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा कामाला लागले. ते जुजबंदी करत होते. म्हणजे दुमडलेले ताव एकेक करून हातानं, सुई-दोऱ्यानं, एकमेकांना शिवायचे. आमच्याकडे हे काम माझ्या वडिलांच्या काळापर्यंत होतं. मी पाठीला गोंद फासतो, वर पट्टी लावतो आणि मोकळा होतो.

एक ताव शिवायला त्यांना पाऊण तास लागला. मी घड्याळात पाहिलं होतं. आधी दोरा मेणावर ओढायचा. मग तावाची घडी हाडाच्या पट्टीनं दाबायची. मग भोकं. मग एक टाका घालून दोरा बोटानं ओढून बघायचा, सैल नाही ना, ताठ नाही ना. दहाला ते उठले, बाहेर पायरीवर जाऊन चहा प्यायले, मोकळा कप हातात धरून पाच मिनिटं नुसते बसले आणि मग आत आले. या गतीनं माझ्याकडे काम केलं असतं तर विद्यापीठानं पदव्या देणंच बंद केलं असतं.

"कधी द्यायचंय हे?" मी विचारलं.

"नाताळच्या जेवणाला," ते म्हणाले. "टेबलावर हवं."

नाताळला आठ दिवस होते आणि समोर अजून वीसेक ताव. मला राहवलं नाही. "कुणाचं आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. ही वही त्यांच्या बायकोची होती. लग्न झाल्यापासून दर नाताळला ती एक ताव घ्यायची, दुमडून दोन पानं करायची आणि त्या दिवसाबद्दल लिहायची. कोण आलं, काय शिजवलं, कोण रुसलं. लेक मोठी झाल्यावर जेवणानंतर दोघी मिळून मागची पानं वाचायच्या. असे अडतीस ताव झाले होते. ती दरवर्षी नवऱ्याला म्हणायची, एवढं शिवून दे. हे म्हणायचे, देतो. जगाची पुस्तकं बांधणाऱ्या माणसाच्या घरातली ही एक वही पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटीच पडून राहिली. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बायको वारली.

"लेक ते खोकं तेव्हाच घेऊन निघाली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, नाताळपर्यंत ठेव. बांधून टेबलावर ठेवतो. ती म्हणाली, ठेवलंत तर पुस्तक या घरात राहील आणि मीही येत राहीन. नाही तर मी ते घेऊन जाईन, आणि मग इथे यायला मला काही कारण नाही."

लेक दूरच्या शहरात दवाखान्यात नर्स होती. चोवीस तारखेला दुपारच्या बसनं येणार होती, सव्वीसला परत. एवढं सांगून त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, तोही पहिल्याच झटक्यात.

मी त्या दिवसापासून रोज खाली बसायला लागलो. दोरा मेणावर ओढायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी चार हात मारून दोरा टाकायचो आणि ते तो शांतपणे परत माझ्याकडे सरकवायचे. शब्द नाही, आठी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा दोरा परत दिला नाही. बावन्न वर्षांच्या... नाही, खोटं कशाला, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला एवढ्याशा गोष्टीनं इतका आनंद व्हावा हे लाजिरवाणं आहे, पण झाला खरा.

आणि काम काय होतं ते! वीस-पंचवीस ताव शिवून झाल्यावर त्यांनी ती थप्पी मधेच उघडून टेबलावर ठेवली. दोन्ही पानं सपाट पडली, हात न लावता, जागच्या जागी. माझे प्रबंध उघडे ठेवायचे तर वर पेपरवेट लागतो. मी वाकून ती शिवण पाहिली. सगळे टाके सारखे, एकही गाठ वर आलेली नाही. मला आतून वाटलं की हा माणूस जन्मालाच असा शांत आला असणार. काहींना असं मिळतं, आपल्याला नाही मिळालं.

वर आलो की मी हिला हे सगळं सांगायचो. दुपारी आम्ही दोघं झोपायचो, संध्याकाळी नदीकाठी जाऊन यायचो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण दुपारी माझ्या शेजारी झोपलेली ही मी बहुधा पहिल्यांदाच पाहत होतो. ती झोपेत किंचित घोरते. मी हे तिला सांगितलं नाही, कारण मला अजून जगायचंय.

गावात नाताळ हळूहळू भरत गेला. समोरच्या खिडकीत मेणबत्ती आली, मग चांदणी. हिनं खालून मागून आणलेल्या रंगीत अस्तराच्या कागदाची एक चांदणी कापून आमच्याही खिडकीत लावली. सावकाशरावांनी गल्लीत उभं राहून वर पाहिलं आणि टोपी काढली.

चोवीस तारीख उजाडली. शेवटचा ताव सकाळी शिवून झाला. त्यांनी थप्पीच्या पाठीला खळ लावली, ती शिकंज्यात हलकेच आवळली आणि म्हणाले, "आता याला बसू दे. उद्या सकाळी पुठ्ठे चढवू." मग डोक्यावर टोपी घातली, किल्ली माझ्या हातात दिली आणि लेकीला आणायला बसस्टँडवर गेले.

मी एकटा उरलो. शिकंज्यातली ती थप्पी बघत बसलो आणि माझे हात शिवशिवायला लागले. उद्या सकाळी चर्च, मग जेवण, मधे पुठ्ठे चढणार कधी, कापड लागणार कधी, सुकणार कधी? होणार नाही! माणूस चांगला आहे, पण वेळेचं गणित नाही. आपण निदान एक काम उरकून ठेवू. बिचाऱ्याला तेवढीच मदत.

थप्पीच्या कडा ओबडधोबड होत्या. अडतीस वर्षांचे अडतीस कागद, कुठला रुंद, कुठला अरुंद. आमच्या धंद्यात शिवण-चिकटवण झाली की पुढचं काम कटिंगचं. ते विचार करून होत नाही, हात आपोआप वळतात. मी शिकंजा सैल केला, पाठ सुकलेली आहे हे पाहिलं, थप्पी कोपऱ्यातल्या हातानं चालवायच्या कटिंग मशीनमध्ये सरकवली, समोरची कड काटकोनात धरली. जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच. दांडा खाली ओढला. पातं असं धारदार, की आवाजसुद्धा आला नाही. उजव्या हातानं थप्पी उचलली, डाव्या हातानं कात्रणं खालच्या कचऱ्याच्या पेटीत लोटली. तीस वर्षांची सवय.

एक कात्रण माझ्या स्वेटरच्या बाहीला चिकटलं होतं. ते झटकायला गेलो आणि त्यावर मला शाई दिसली. वरपासून खालपर्यंत, निळी, बारीक. अक्षरांची शेपटं.

मी वही उघडली. ती बाई कडेपर्यंत लिहायची. दर ओळ कागदाच्या अगदी टोकाला जाऊन थांबायची, आणि आता तिथे ओळी अर्ध्या शब्दावर तुटलेल्या होत्या. पानामागून पान. मी मेण लावत बसलो होतो, मला दिसायची ती घडीची बाजू; थप्पी उघडली होती तेव्हाही मी शिवणच बघत बसलो. प्रबंधाला चारी बाजूंनी कोरी जागा असते. कुणी कडेपर्यंत लिहीत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मी हिला हाक मारली. कशी मारली कोण जाणे, ती पायात चपलाही न घालता खाली आली.

"काय केलंत?"

मी सांगितलं. मग तिनं पेटीकडे पाहिलं. "यात हात घातलात?"

"नाही."

"घालूही नका."

ती वर गेली, आमच्या पलंगावरची पांढरी चादर घेऊन आली, टेबलावर पसरली आणि पेटी त्यावर हलकेच उलटी केली. चिंध्या, दोरे, जुनी कात्रणं आणि त्यात ती शहात्तर पानांची शहात्तर कात्रणं, सगळी मिसळलेली. हिनं पदर खोचला, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली.

"तुला ती भाषा येते कुठे?" मी म्हणालो.

"मी बत्तीस वर्षं न येणाऱ्या भाषांतले पत्ते लावलेत," ती म्हणाली. "शाई बघायची, कागद बघायचा, हात बघायचा. तुम्ही गप्प बसा आणि दार लावा, वारा येतोय."

सावकाशराव लेकीला घेऊन आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. लेक चाळिशीच्या आतली, वडिलांसारखीच उंच, खांद्याला बॅग. मी उभा राहिलो आणि जे केलं ते एका दमात सांगून टाकलं. असं वाटत होतं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सावकाशरावांनी टोपी काढली. वही हातात घेतली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवत राहिले.

"ती कडेपर्यंत लिहायची," ते म्हणाले. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

एवढंच. मी त्यांच्या जागी असतो तर माझ्या हातात जे सापडलं असतं ते मी फेकून मारलं असतं. त्यांनी खुर्ची घेतली आणि हिच्या शेजारी बसून चादरीवरचे दोरे एका बाजूला काढायला लागले. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो मी कुणाबद्दल फारसा कधी अनुभवलेला नाही.

लेकीचं तसं नव्हतं. "मी सांगितलं होतं," ती वडिलांना म्हणाली, आणि आम्हाला कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हणाली. "आईची वस्तू या घरात जपली जात नाही. अडतीस वर्षं शिवायला वेळ नव्हता. आता शिवली, ती अशी. मी परवा हे सगळं घेऊन जाणार आहे." आणि बॅग घेऊन जिना चढून गेली. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना.

नाताळच्या सकाळी घंटा वाजल्या, दोघं बापलेक एकमेकांशी न बोलता चर्चला गेली. आम्ही खालीच होतो. हिचं सॉर्टिंग संपत आलं होतं. काळी शाई वेगळी, निळी वेगळी, पिवळट कागद वेगळा, रेघांचा वेगळा. आता एकेक कात्रण ती उघड्या पानाच्या कडेला नेऊन लावत होती, आणि तुटलेलं अक्षर तुटलेल्या अक्षराला जाऊन भिडलं की पुढच्याला हात घालत होती. मी नुसता बघत होतो. या बाईच्या डोळ्यांत एवढी कला आहे आणि मी इतकी वर्षं तिला किराण्याच्या याद्या करायला लावत होतो.

जेवण वर होतं. भाजलेली कोंबडी, बटाटे, केक, टेबलावर चार मेणबत्त्या. सगळे मान खाली घालून जेवलो. वही टेबलावर नव्हती. जेवण झाल्यावर लेक उठून ताटं उचलायला लागली, तेव्हा ही खाली गेली, वही घेऊन आली आणि लेकीसमोर उघडून ठेवली. पानाच्या कडेला एक कात्रण लावलं आणि बोटानं खूण केली, वाच.

लेकीनं उभ्याउभ्याच ओळ वाचली. मग आम्हाला अर्थ सांगितला. पाहुणे येणार म्हणून आईनं केक दोनदा केला, कारण पहिला मांजरानं तपासून पाहिला होता. लेकीच्या ओठांचा कोपरा हलला. ती बसली. "पुढचं आहे?"

हिनं पुढचं कात्रण लावलं.

तसं ते सुरू झालं. एक ओळ वाचायची, थांबायचं, कात्रण सरकवायचं, शब्द पुरा करायचा. मी पातळ कागद आणि खळ घेऊन बसलो होतो. जुळलं की सावकाशराव ते पानाला मागून जोडायचे, हाडाच्या पट्टीनं दाबायचे. एका तावाला अर्धा तास. लेक म्हणाली, आई आणि ती हे सगळं अर्ध्या तासात वाचून मोकळ्या व्हायच्या.

चौथ्या तावाला माझ्या लक्षात आलं की दर वर्षीच्या शेवटच्या पानावर खाली तीच ओळ येतेय. लेक ती पटकन वाचून टाकत होती, अर्थ न सांगता. हिच्याही लक्षात आलं. अक्षर ओळखणारी बाई ती, तिला भाषा कशाला लागतेय.

"हे काय आहे?" तिनं ओळीवर बोट ठेवलं. "सारखं सारखं येतंय."

लेक वडिलांकडे बघत नव्हती. "'तो खाली आहे. ताट झाकलंय,'" ती म्हणाली.

मग सावकाशरावच बोलले, हातातली पट्टी खाली न ठेवता. "डिसेंबर म्हणजे डायऱ्या. एक जानेवारीच्या आत सगळ्यांना हव्या. मी नाताळलाही खालीच असायचो. हे वाचायच्या वेळी मी कधी वर नव्हतो. आज पहिल्यांदा ऐकतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा वेगवान होतो. गावात कुणी माझा हात धरत नसे. हळू झालो ते गेल्या उन्हाळ्यात. लवकर उरकून वर जायचं कारणच राहिलं नाही."

मी हिच्याकडे पाहिलं. मला खरोखर लाज वाटली.

"आमच्याकडे ताट झाकून ठेवत नाहीत," ती मला हळूच मराठीत म्हणाली. "मी आपली जेवून घेते."

पंधरावा ताव गेला, सोळावा आला. त्यात शेवटच्या पानाला कात्रण बसेना. हिनं चार लावून पाहिली. लेक म्हणाली, "झाकलंय असेल, दुसरं काय असणार." पण ही हटून बसली, तिनं पाचवं उचललं, आणि ते अक्षराला अक्षर भिडलं. लेक वाकली. तिनं ओळ एकदा मनात वाचली, मग मोठ्यानं, मग आमच्यासाठी.

"'पोरगी गोवरानं झोपलीय. तो खाली आहे. ताट खाली नेलं. दोघं रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून जेवलो. एवढं हसलो की खळ सांडली.'"

"हे मी कधी नीट वाचलंच नाही," लेक म्हणाली. "शेवटची ओळ आली की मी पान उलटायचे."

"चार डायऱ्या चिकटल्या एकमेकींना," सावकाशराव म्हणाले. ते हसत होते. "ती म्हणाली, आता या चार मैत्रिणींना विकत घेणारा शोधा. मला वाटलं ती विसरली असेल."

लेकीनं खुर्ची वडिलांच्या जवळ ओढली. त्या दिवशी आम्ही पुढचा ताव उघडला नाही. तिनं सोळाव्याच तावातल्या ओळी वडिलांना पुन्हा वाचून दाखवल्या, एकदा, आणि मग आणखी एकदा. चार मेणबत्त्या जळून बुडाशी आल्या, चहा झाला, केक संपला, तरी कुणी उठेना. इतका संथ आणि इतका भरलेला दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

सव्वीसला सकाळी लेक बॅग घेऊन खाली आली. वही टेबलावर होती. बावीस ताव राहिले होते, त्यांची कात्रणं हिनं बावीस पाकिटांत क्रमानं घालून ठेवली होती. लेक वहीवर हात ठेवून उभी राहिली. घेऊन जाणार, हे तिनं परवा सांगितलेलंच होतं आणि नंतर ते कुणी बदललेलं नव्हतं. सावकाशराव एप्रनची गाठ मारत होते. ती मारून झाली तरी त्यांचे हात गाठीवरच होते.

"उरलेलं जोडायला किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"वर्ष," ते म्हणाले.

तिनं भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही याच धंद्यातले. खरं सांगा."

कात्रणं लावलेली. क्रम लागलेला. जोडायला माझ्या हाताला दोन दिवस, सावकाशरावांच्या हाताला फार तर चार. हिशेब माझ्या डोक्यात तयार होता. समोर म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता, शिकंज्याकडे बघत होता.

"घाई केली तर बिघडेल," मी म्हणालो. "वर्ष तरी लागेलच."

लेकीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग वही उचलली, शिकंज्यात नेऊन ठेवली आणि स्वतःच्या हातानं तो हलकेच आवळला.

"मग पुढच्या नाताळला," ती वडिलांना म्हणाली, "मी रजा किती दिवसांची टाकू?"